राष्ट्रपतींची सही आणि सांगोल्याचा कौल

पावसाने ओढ दिली, कालव्याचे आवर्तन टळले किंवा टंचाईची कामे वेळेवर सुरू झाली नाहीत, की अवर्षणप्रवण तालुक्यांतील ग्रामस्थ एकत्र येतात आणि तहसील कचेरीवर जाऊन निवेदन देतात. पुष्कळदा या निवेदनाच्या माथ्यावर ‘माननीय राष्ट्रपती यांस, तहसीलदार यांच्या मार्फत’ असा मायना असतो. देशातील सर्वोच्च पदावरील व्यक्तीने मनावर घेतले तर आपले गाऱ्हाणे दूर होईल, अशी श्रद्धा त्यामागे असते. ही श्रद्धा स्वाभाविक आहे. परंतु संविधानाने राष्ट्रपतींना नेमके कोणते अधिकार दिले आहेत, त्यांना मर्यादा कोणत्या आहेत आणि जेथे अधिकार संपतो तेथे मन वळविण्याचे सामर्थ्य कितपत उपयोगी पडते, हे जाणून घेतल्यावाचून या श्रद्धेचे मोल ठरविता येणार नाही. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्याचा गेल्या सहा दशकांचा राजकीय इतिहास या अभ्यासाला उपयुक्त ठरावा असा आहे.

१७ फेब्रुवारी १९८०

माणगंगेच्या खोऱ्यातील सांगोला हा पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाशी झुंजणारा तालुका. जनावरांचा बाजार आणि अलीकडे डाळिंबाच्या बागा यांसाठी तो ओळखला जातो. या मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये प्रथम विधानसभेवर निवडून आले. १९७२ आणि १९९५ या दोन निवडणुकांत त्यांना पराभव पत्करावा लागला. तरीही २०१४ पर्यंत ते एकूण अकरा वेळा सांगोल्याचे प्रतिनिधी झाले. यातील बहुतेक काळ ते विरोधी बाकांवर होते.

जुलै १९७८ मध्ये श्री. शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे शासन राज्यात अधिकारावर आले आणि गणपतरावांना मंत्रिपद लाभले. ते फार काळ टिकले नाही. जानेवारी १९८० मध्ये केंद्रात सत्तांतर झाले आणि १७ फेब्रुवारी १९८० रोजी संविधानाच्या अनुच्छेद ३५६ अन्वये महाराष्ट्रासह नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्यात आल्या. उद्‌घोषणेवर सही होती राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांची. त्या सहीने सांगोल्याच्या प्रतिनिधीचे मंत्रिपद तर गेलेच, आमदारकीही संपुष्टात आली.

पुढे मे १९८० मध्ये निवडणुका झाल्या. इंदिरा काँग्रेसने २८८ पैकी १८६ जागा जिंकल्या. अशा लाटेतही सांगोल्याच्या मतदारांनी गणपतरावांनाच पुन्हा निवडून दिले. एका सहीने पद गेले, विश्वास मात्र गेला नाही. आणि ज्या सहीने पद गेले, त्या सहीमागील निर्णय तरी स्वतः राष्ट्रपतींचा होता काय? या प्रश्नाचे उत्तर संविधानात शोधावे लागते.

पद राष्ट्राचे, कारभार मंत्रिमंडळाचा

अनुच्छेद ५३ अन्वये संघराज्याचा कार्यकारी अधिकार राष्ट्रपतींच्या ठायी निहित आहे. ते संरक्षण दलांचे सरसेनापती आहेत. विधेयकांना संमती देणे, वटहुकूम काढणे, शिक्षेत सूट देणे, राज्यपाल व न्यायाधीश यांच्या नेमणुका करणे आणि आणीबाणीची उद्‌घोषणा करणे हे सर्व त्यांच्या नावाने होते. ही यादी वाचणाऱ्यास राष्ट्रपती हे सर्वसत्ताधीश आहेत असे वाटल्यास नवल नाही. परंतु अनुच्छेद ७४ या यादीचा अर्थ पालटून टाकतो. राष्ट्रपतींना साहाय्य व सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिपरिषद असते आणि त्या सल्ल्यानुसारच राष्ट्रपतींनी आपले कार्य करावयाचे असते.

संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा मुद्दा निःसंदिग्धपणे सांगितला होता. भारताच्या राष्ट्रपतींचे स्थान अमेरिकेच्या अध्यक्षांसारखे नसून इंग्लंडच्या राजासारखे आहे, ते राज्याचे प्रमुख आहेत, शासनाचे नव्हेत, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. तथापि ‘सल्ला बंधनकारक आहे’ असे शब्द मूळ संविधानात नव्हते. त्यामुळे पहिल्या राष्ट्रपतींच्या काळातच वाद उद्‌भवला. १९५१ मध्ये हिंदू कायदा संहितेच्या विधेयकाबाबत डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी स्वतःच्या विवेकाने निर्णय घेण्याचा मानस पंतप्रधान नेहरूंना कळविला. महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत असा अभिप्राय दिला. पुढे १९५५ व १९५६ मध्ये ही सुधारणा स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने संसदेने संमत केली, आणि त्या कायद्यांवर राजेंद्रबाबूंचीच सही झाली.

सर्वोच्च न्यायालयाने १९५५ च्या राम जवाया कपूर प्रकरणात आणि १९७४ च्या शमशेर सिंग प्रकरणात हाच अर्थ उचलून धरला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सल्ला बंधनकारक असल्याचे स्पष्ट शब्दांत नमूद केले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्यात एक खिडकी ठेवली. राष्ट्रपती मंत्रिपरिषदेला सल्ल्याचा फेरविचार करण्यास सांगू शकतात, मात्र फेरविचारानंतर दिलेला सल्ला त्यांना मानावाच लागतो.

यावरून १९८० च्या उद्‌घोषणेचे स्वरूप ध्यानात येईल. सही राष्ट्रपतींची, निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाचा. त्यापूर्वी तीन वर्षे, एप्रिल १९७७ मध्ये, जनता शासनानेही नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याचा सल्ला दिला होता. तेव्हा राष्ट्रपतिपदाची धुरा तात्पुरती सांभाळणारे बी. डी. जत्ती यांनी सही करण्यास थोडा अवधी घेतला आणि ३० एप्रिल रोजी सही केली. एकेकाळी मुंबई विधानसभेचे सदस्य असलेले, जमखंडीचे जत्ती राज्यांच्या बाजूने विचार करण्यास अपरिचित नव्हते. परंतु विलंब म्हणजे नकार नव्हे. पुढे ११ मार्च १९९४ रोजी एस. आर. बोम्मई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा उद्‌घोषणांची न्यायालयीन छाननी होऊ शकते असे ठरविले. संसदेची मान्यता मिळण्यापूर्वी विधानसभा विसर्जित करता येणार नाही, असाही दंडक घालून दिला. त्यामुळे १९८० चा प्रकार त्याच रीतीने आज घडणे दुरापास्त झाले आहे.

सल्ला, उत्तेजन आणि इशारा

मग राष्ट्रपतिपद केवळ शिक्का उमटविण्यापुरते उरते काय? तसे म्हणणेही यथार्थ ठरणार नाही. वॉल्टर बॅजट या इंग्रज लेखकाने १८६७ मध्ये राजपदाचे तीन हक्क सांगितले होते: विचारविनिमय केला जाण्याचा, उत्तेजन देण्याचा आणि इशारा देण्याचा. भारताच्या राष्ट्रपतींच्या हाती याच जातीचे सामर्थ्य आहे. अनुच्छेद ७८ अन्वये कारभाराची माहिती राष्ट्रपतींना देणे हे पंतप्रधानांचे कर्तव्य आहे. अनुच्छेद १११ अन्वये धनविधेयकाखेरीज अन्य विधेयक राष्ट्रपती पुनर्विचारासाठी संसदेकडे परत पाठवू शकतात. संसदेने ते पुन्हा संमत केल्यास संमती रोखता येत नाही.

या सामर्थ्याची तीन उदाहरणे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. १९८६ मध्ये संसदेने टपाल कार्यालय दुरुस्ती विधेयक संमत केले. नागरिकांची पत्रे अडवून पाहण्याचा अधिकार त्यात असल्याने वृत्तपत्रांतून मोठी टीका झाली. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यास संमती दिली नाही, तसेच ते परतही पाठविले नाही. अनुच्छेद १११ मध्ये कालमर्यादा नसल्यामुळे विधेयक पडून राहिले आणि शेवटपर्यंत त्याचा कायदा झाला नाही. दुसरे उदाहरण ऑक्टोबर १९९७ चे. उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट आणण्याची गुजराल मंत्रिमंडळाची शिफारस राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी फेरविचारासाठी परत केली, आणि मंत्रिमंडळाने ती सोडून दिली. १९९८ मध्ये बिहारबाबत वाजपेयी मंत्रिमंडळाची शिफारसही त्यांनी अशीच परत केली. परंतु काही महिन्यांनी, फेब्रुवारी १९९९ मध्ये, तीच शिफारस पुन्हा आली तेव्हा त्यांना सही करावी लागली. तिसरे उदाहरण २००६ चे. लाभाच्या पदांसंबंधीचे विधेयक डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी परत पाठविले. संसदेने ते जसेच्या तसे पुन्हा संमत केले आणि राष्ट्रपतींनी सही केली. मात्र त्यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नांचा विचार करण्यासाठी संयुक्त संसदीय समिती नेमावी लागली.

या तिन्ही प्रसंगांत राष्ट्रपतींचे लेखी अधिकार सारखेच होते, फळ मात्र निराळे मिळाले. १९८६ व १९९७ मध्ये लोकमत आणि नीती राष्ट्रपतींच्या बाजूला उभी होती. २००६ मध्ये संसदेतील बहुमताचा निश्चय पक्का होता. तात्पर्य, आक्षेपाला बळ येते ते पदामुळे जितके, तितकेच त्या आक्षेपाची सत्यता ओळखणारे लोक बाहेर किती आहेत यामुळे.

अमेरिकेचा अनुभव

अमेरिकेत अध्यक्ष हेच शासनाचे प्रमुख असतात. तेथे तरी हुकूम पुरेसा असेल असे वाटावे. पण इतिहास निराळे सांगतो. कोरियातील युद्ध चालू असताना, एप्रिल १९५२ मध्ये, अध्यक्ष ट्रूमन यांनी संपाच्या भीतीने पोलाद कारखाने शासनाच्या ताब्यात घेण्याचा हुकूम काढला. जूनमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दबातल ठरविला. १९६० मध्ये रिचर्ड न्यूस्टॅट या अभ्यासकाने अध्यक्षीय सत्तेवरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, अध्यक्षाचे खरे सामर्थ्य हुकूम सोडण्यात नसून इतरांचे मन वळविण्यात असते.

परंतु मन वळविण्यालाही मर्यादा आहेत. अध्यक्ष विल्सन यांनी १९१९ मध्ये राष्ट्रसंघासाठी आगगाडीने देशभर दौरा करून भाषणे दिली. तरीही सेनेटने व्हर्सायचा तह फेटाळला. फ्रँकलिन रूझवेल्ट यांची नभोवाणीवरील भाषणे घरोघर ऐकली जात. १९३६ मध्ये त्यांना ४८ पैकी ४६ राज्यांनी कौल दिला. तथापि १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीशांची संख्या वाढविण्याची त्यांची योजना त्यांच्याच पक्षाच्या बहुमतापुढे टिकली नाही. जॉर्ज एडवर्ड्‌स या अभ्यासकाने २००३ मध्ये अनेक अध्यक्षांच्या भाषणांनंतरची लोकमताची पाहणी तपासून असा निष्कर्ष काढला की, केवळ भाषणाने जनतेचे मत क्वचितच पालटते. जी गरज लोकांना आधीच जाणवत असते तिला शब्द आणि दिशा देणारा नेता यशस्वी होतो.

सांगोल्याची रीत

या निष्कर्षाचा पडताळा घेण्यासाठी सांगोल्याकडे परत यावे. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र हादरला. त्या काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे शेजारच्या सांगली जिल्ह्यातील विसापूरचे. सभापतीला कार्यकारी अधिकार नसतो. त्याच्या हुकुमाने एक खडीचा ढीगही हलत नाही. परंतु मागेल त्याला काम देण्याची कल्पना पागे यांनी चिकाटीने शासनाच्या गळी उतरविली. योजना झाली, आणि पुढे १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळून तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. कामाचा हक्क देणाऱ्या या कायद्यावर राष्ट्रपतींची मोहर उमटली खरी. परंतु त्याचा उगम दुष्काळी गावांच्या गरजेत आणि एका अधिकारहीन पदावरील व्यक्तीच्या आग्रहात होता.

पाण्याच्या प्रश्नाचीही हीच कथा. पाणी हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यसूचीतील विषय आहे. आंतरराज्य नद्यांच्या तंट्यांसाठी अनुच्छेद २६२ अन्वये लवाद नेमले जातात. बच्छावत लवादाने कृष्णेचे ५६० अब्ज घनफूट पाणी महाराष्ट्राच्या वाट्याला दिले आणि त्या निवाड्याचे पुनर्विलोकन ३१ मे २००० नंतर होऊ शकेल असे ठरविले. हे पाणी वेळेत अडविणे आणि वापरणे राज्याच्या हिताचे होते. परंतु ते उंचावरील दुष्काळी तालुक्यांना मिळावे हा आग्रह धरला पाहिजे होता. तो सातारा, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांतील तेरा दुष्काळी तालुक्यांनी धरला. १९९३ मध्ये आटपाडी येथे पाणी परिषद भरली. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख हे या चळवळीचे आधारस्तंभ होते. मागणी केवळ पाण्याची नव्हती, पाण्याच्या समन्यायी वाटपाचीही होती.

१९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच वर्षी टेंभू उपसा सिंचन योजनेला प्रशासकीय मान्यता मिळाली. कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने सांगोल्यापर्यंत नेणाऱ्या या योजनेत आपला तालुका अगदी टेलला आहे, हे सांगोल्याचे शेतकरी जाणून होते. म्हणूनच परिषदा, मोर्चे, विधानसभेतील प्रश्न आणि अंदाजपत्रकावरील चर्चा यांचा पाठपुरावा वर्षानुवर्षे चालू राहिला. १९९५ च्या पराभवाने गणपतरावांची आमदारकी गेली, पण चळवळीतील त्यांचे स्थान गेले नाही. १९९९ मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि काही काळ मंत्रीही झाले. एस. टी. बसने प्रवास करणाऱ्या आणि मंत्रिपदावाचून बहुतेक आयुष्य घालविणाऱ्या या लोकप्रतिनिधीचे म्हणणे दोन्ही बाकांवर ऐकून घेतले जाई. त्याचे कारण त्यांच्या मागे उभा असलेला तालुका आणि दीर्घकाळ जपलेली सचोटी हे होय. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

राष्ट्रपतींचा एक आदेश

राष्ट्रपतींच्या आदेशाचा सिंचनाशी संबंधच येत नाही असे मात्र नाही. अनुच्छेद ३७१ (२) अन्वये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्या विकासासाठी स्वतंत्र मंडळे नेमण्याची आणि निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे सोपविण्याचा अधिकार राष्ट्रपतींना आहे. ही तरतूद १९५६ पासून संविधानात होती. ती कागदावरून कृतीत येण्यास राज्य विधिमंडळाचा १९८४ चा ठराव आणि त्यानंतर दहा वर्षांचा आग्रह लागला. मार्च १९९४ मध्ये राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि वैधानिक विकास मंडळे अस्तित्वात आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. अनुशेषग्रस्त विभागांना या व्यवस्थेने आधार दिला. ‘उर्वरित महाराष्ट्रा’त मोडणाऱ्या सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्यांना मात्र आपण सधन पश्चिम महाराष्ट्राहून वेगळे आहोत, हे स्वतंत्रपणे पटवून द्यावे लागले. आदेश विभाग पाहतो, तालुक्याची तहान तालुक्यालाच सांगावी लागते.

निवेदन कोठे पोचते

आता आरंभीच्या निवेदनाकडे वळू. राष्ट्रपती कालव्याचे दार उघडू शकत नाहीत. त्यांच्या सचिवालयात पोचलेला अर्ज सामान्यतः संबंधित मंत्रालयाकडे किंवा राज्य शासनाकडे कार्यवाहीसाठी पाठविला जातो. म्हणजे तो पुष्कळ प्रवास करून मुंबईस आणि तेथून जिल्ह्याच्या ठिकाणी परत येतो. आवर्तनाचा निर्णय कालवा सल्लागार समितीत होतो, योजनेच्या निधीचा निर्णय राज्याच्या अंदाजपत्रकात होतो आणि पाण्याचे प्रत्यक्ष वाटप पाणी वापर संस्था करू शकते. निवेदन देणाऱ्याने हे टप्पे ओळखले तर त्याचा शब्द योग्य दारी पडेल.

राष्ट्रपतींची निवडणूकही जनतेपासून दूर नाही. संसदेचे आणि विधानसभांचे निर्वाचित सदस्य तीत मतदान करतात. १९८२ पासून २०२२ पर्यंतच्या निवडणुकांत महाराष्ट्रातील प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५ होते. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा सांगोल्याच्या आमदारालाही हा मताधिकार होता. १९७९-८० मध्ये याच प्रतिभाताई विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या आणि गणपतराव मंत्री होते. लोकशाहीत बाके बदलतात, पदे येतात आणि जातात.

राष्ट्रपतींची सही राष्ट्राच्या निर्णयाला वैधता देते. निर्णय घडतो तो मंत्रिमंडळात, विधिमंडळात आणि त्याही आधी गावोगावच्या सभांत. तेथे सांगितलेली गोष्ट खरी असेल, सांगणारा विश्वासाचा असेल आणि सांगण्यात खंड पडला नाही, तर अधिकार नसलेल्या माणसाचे म्हणणेही अखेरीस शासनाच्या आदेशात उतरते. टेंभूच्या कालव्याने सांगोल्याच्या शिवाराकडे येणारे पाणी याची साक्ष देते. ते टेलच्या शेवटच्या शेतापर्यंत सारख्या न्यायाने पोचविणे, हे काम यापुढेही तालुक्यालाच करावयाचे आहे.